चीनला पहिलं वर्ल्ड टायटल जिंकून देणारा पोरगा, ज्याला ९ वर्षांनी देशानंच हेर ठरवलं

ऐरोलीत एखाद्या आयटी कंपनीच्या ऑफिसात किंवा नव्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये गेलात, तर टीटीचं टेबल दिसण्याची शक्यता दांडगी. खेळणारे दोघं आणि नंबर लावून उभे चारजण. लंच ब्रेक संपत येतो, पण गेम काही संपत नाही.

तिथला चेंडू चांगल्या प्रतीचा असेल, तर त्यावर बऱ्याचदा डीएचएस अशी तीन अक्षरं दिसतात. ही शांघायची कंपनी. तिच्या ब्रँडचं नाव डबल हॅपिनेस, म्हणजे दुहेरी आनंद.

आता चेंडूला असलं नाव कुणी ठेवतं का? तर ठेवलं होतं आणि तेही थेट चीनच्या पंतप्रधानांनी. त्याचं कारण होता हाँगकाँगच्या मासळी बाजारातून वर आलेला २१ वर्षांचा एक पोरगा.

त्याचं नाव रोंग ग्वोतुआन. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला तो पहिला चिनी. ज्या देशासाठी तो जिंकला, त्याच देशानं पुढं ९ वर्षांत त्याच्यावर हेर असल्याचा शिक्का मारला.

दिवसा मासळी, संध्याकाळी टेबल टेनिस

रोंगचा जन्म १० ऑगस्ट १९३७ चा, हाँगकाँगमधला. घराणं मूळचं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं, पण हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. वडील जहाजावर कामाला आणि घरची परिस्थिती बेताची. त्यामुळं शाळा लवकर सुटली आणि अवघ्या १३-१४ वर्षांचं पोर मासळीच्या धंद्यात कामाला लागलं.

टेबल टेनिसचा नाद मात्र सुटला नाही. काम संपलं की तो कामगार संघटनेच्या क्लबात जाऊन खेळायचा. ही संघटना डाव्या विचारांची, बीजिंगकडं ओढा असलेली. ब्रिटिशांच्या हाँगकाँगमध्ये असल्या संघटनेत उठबस म्हणजे नजरेत येण्यासारखीच गोष्ट. १ ऑक्टोबर हा कम्युनिस्ट चीनचा राष्ट्रदिन. त्या दिवसाच्या संघटनेच्या कार्यक्रमात तो खेळला आणि मासळीवाल्या मालकानं त्याला कामावरून काढून टाकलं.

मग संघटनेनंच त्याला आपल्या क्लबात काम दिलं. नोकरी गेली, पण टेबल मात्र दिवसभर जवळ आलं. त्यातच त्याला टीबी झाला. अंगानं आधीच किरकोळ आणि वरून हा आजार. ताकदीच्या जोरावर समोरच्याला हरवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं दुसरा रस्ता धरला. बॅट पेनासारखी धरायची, सर्व्हिस प्रत्येक वेळी वेगळी करायची आणि चेंडूला दिलेली फिरकी समोरच्याला शेवटपर्यंत ओळखू द्यायची नाही.

आणि इथं आपल्या मुंबईचा संबंध येतो

रोंग १४ वर्षांचा असताना, फेब्रुवारी १९५२ मध्ये, टेबल टेनिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदाच आशियात भरली. ती भरली मुंबईत.

तोवर या खेळावर युरोपचं राज्य होतं. हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि इंग्लंड ही तिथली मोठी नावं. मुंबईत मात्र जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. साध्या रबरी बॅटवर चेंडू टक-टक वाजायचा आणि त्या आवाजावरून खेळाडू फटक्याचा अंदाज बांधायचे. स्पंजनं आवाजच गिळला आणि चेंडूही भलत्याच वेगानं सुटू लागला. समोरच्यांना काही कळायच्या आत सातो वर्ल्ड चॅम्पियन झाला होता. टेबल टेनिसमधला तो आशियाचा पहिला जगज्जेता.

याच मुंबईत हाँगकाँगच्या पुरुष संघानं सांघिक ब्राँझ मेडल मिळवलं. त्या संघात फू छीफांग आणि जियांग योंगनिंग असे दोन खेळाडू होते. ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढं हे दोघंही हाँगकाँग सोडून चीनकडून खेळले आणि रोंगच्या गोष्टीत ते शेवटपर्यंत आहेत.

२० व्या वर्षी घेतलेला निर्णय

१९५७ मध्ये रोंगनं हाँगकाँगची स्पर्धा गाजवली. एकेरी, दुहेरी आणि सांघिक, तिन्ही विजेतेपदं त्याच्याकडं आली. त्याच वर्षी जपानचा संघ हाँगकाँगला आला. त्यात इचिरो ओगिमुरा होता, १९५४ आणि १९५६ चा वर्ल्ड चॅम्पियन. रोंगनं त्याला सरळ दोन गेममध्ये हरवलं आणि बीजिंगचे कान टवकारले.

याला कारण होतं. नवा चीन जेमतेम आठ वर्षांचा होता. तैवानच्या वादात त्याचं ऑलिम्पिकवाल्यांशी फाटलं होतं आणि १९५८ मध्ये तो त्यातून बाहेरच पडला. जगाच्या मैदानात चीनचा झेंडा लावायला फार थोड्या जागा उरल्या होत्या. टेबल टेनिसची आंतरराष्ट्रीय संघटना मात्र चीनला मोकळेपणानं खेळू देत होती. या खेळाला ना मोठं मैदान लागतं, ना महागडं सामान. त्यामुळं चीननं सगळा जोर इथं लावायचं ठरवलं.

नोव्हेंबर १९५७ मध्ये रोंगनं हाँगकाँग सोडलं आणि तो ग्वांगझूला आला. तिथं आधी त्याच्या टीबीवर उपचार झाले आणि मग सराव सुरू झाला. ज्या पोराला मासळीच्या दुकानातून हाकललं होतं, त्याला सरकार औषध, जेवण, कोच आणि टेबल सगळं देत होतं. हा देश आपला आहे असं त्याला वाटलं यात नवल काहीच नाही.

१९५८ मध्ये त्यानं जाहीरपणे शब्द दिला की तीन वर्षांत आपण वर्ल्ड चॅम्पियन होणार. तेव्हा चीनला कुठल्याच खेळात जगज्जेतेपद मिळालेलं नव्हतं आणि हे पोरगं नुकतंच आजारातून उठलं होतं. त्याच वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला. दिलेला शब्द पाळायला त्याला तीन वर्षंही लागली नाहीत.

डॉर्टमुंड, ५ एप्रिल १९५९

पश्चिम जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप भरली होती. एकेरीत चीनचे बाकीचे खेळाडू बाहेर पडत गेले आणि शेवटी एकटा रोंग उरला. सेमी फायनलला अमेरिकेचा डिक माइल्स समोर होता. ती मॅच पाच गेमपर्यंत ताणली गेली, पण रोंगनं काढली.

फायनलला समोर होता हंगेरीचा फेरेन्त्स शिडो. १९५३ चा वर्ल्ड चॅम्पियन, पस्तिशीतला, धिप्पाड आणि अनुभवानं मुरलेला गडी. पहिला गेम शिडोनं २१-१९ असा घेतला.

तिथून रोंगनं खेळ बदलला. सर्व्हिसमध्ये फेरफार केले, फिरकी बदलत ठेवली आणि शिडोला टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. पुढचे तीन गेम त्यानं २१-१२, २१-१५ आणि २१-१४ असे जिंकले. चीनला पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळाला होता.

बीजिंगला परतल्यावर या संघाचं स्वागत खुद्द देशाच्या नेत्यांनी केलं. माओ आणि पंतप्रधान चाउ एन-लाय या खेळाडूंना भेटले. १९५९ हे कम्युनिस्ट चीनच्या स्थापनेचं दहावं वर्ष होतं आणि त्याच वर्षी हे विजेतेपद आलं. म्हणजे आनंद दुहेरी. शांघायमध्ये नवा स्पर्धेचा चेंडू तयार होत होता, त्याला चाउ एन-लाय यांनी हेच नाव दिलं. डीएचएसची कुळकथा ही अशी.

उपाशी देशातला भरलेला हॉल

१९६१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बीजिंगला मिळाली. कम्युनिस्ट चीनमध्ये होणारी ही पहिलीच वर्ल्ड चॅम्पियनशिप. तिच्यासाठी १५ हजार माणसं बसतील असं नवं स्टेडियम बांधलं गेलं.

तेव्हाच चीनच्या खेड्यापाड्यांत भीषण दुष्काळ होता. माओंच्या फसलेल्या धोरणांनी ओढवलेल्या त्या उपासमारीत कोट्यवधी माणसं दगावली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना मात्र झगमगतं स्टेडियम दिसत होतं. आतल्या खेळाडूंवर किती ओझं असेल, याचा अंदाज यावरून करा.

पुरुषांच्या सांघिक फायनलला समोर होता जपान, सलग पाच वेळचा विजेता. जो संघ आधी पाच मॅच जिंकेल त्याचा कप. रोंग आपल्या पहिल्या दोन्ही मॅच हरला. देशाचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन घरच्या लोकांसमोर दोनदा हरला होता. चीन ४-३ नं पुढं असताना त्याची तिसरी मॅच आली, जपानच्या होशिनोबरोबर.

आयुष्यात जीव लावून लढायची वेळ अशी कितीदा येते, या अर्थाचे त्याचे उद्गार याच फायनलशी जोडले जातात आणि चीनमध्ये ते आजही म्हणीसारखे वापरले जातात. मॅच तीन गेमपर्यंत गेली. रोंगनं ती २-१ अशी जिंकली आणि चीननं पुरुषांचा सांघिक कप पहिल्यांदा उचलला. त्याच स्पर्धेत झुआंग झेडोंग पुरुष एकेरीत आणि छिऊ चोंगहुई महिला एकेरीत जगज्जेते झाले. टेबल टेनिस म्हणजे चीन हे समीकरण इथून सुरू झालं.

कोच म्हणून टाकलेला डाव

पुढं रोंगकडं महिला संघाच्या कोचची जबाबदारी आली. चीनच्या महिलांना सांघिक वर्ल्ड टायटल तोवर मिळालेलं नव्हतं, कारण मध्ये जपान उभा होता.

१९६५ ला युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानामध्ये फायनलला पुन्हा जपानच आला. तोवरच्या महत्त्वाच्या मॅच लिआंग लिझेन आणि ली हेनान या आक्रमक जोडीनं काढल्या होत्या. जपाननं त्यांचीच तयारी केली असणार हे उघड होतं. रोंगनं फायनलला दोघींनाही बसवलं आणि लिन हुईछिंग व चेंग मिन्झी या बचाव करून दमवणाऱ्या खेळाडूंना उतरवलं. डाव फसला असता तर सगळं खापर त्याच्यावर फुटलं असतं. पण चीननं फायनल ३-० अशी जिंकली.

खेळाडू म्हणून एकेरी आणि सांघिक, कोच म्हणून महिलांचं सांघिक. चीनच्या तीन मोठ्या पहिल्या विजेतेपदांत हा माणूस होता आणि त्याचं वय तेव्हा होतं २७.

मग आलं १९६६

माओंनी सांस्कृतिक क्रांती पुकारली. जुनं ते मोडा, वरच्या जागेवरच्यांना खाली खेचा, परक्यांशी संबंध असलेल्यांवर संशय घ्या, असा तो काळ. शाळा-कॉलेजं बंद पडली. खेळाडूंना पदकाच्या मागं लागलेले स्वार्थी लोक ठरवलं गेलं. १९६७ आणि १९६९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला चीननं संघच पाठवला नाही. खेळ खात्याचे प्रमुख मार्शल हो लुंग रोंगसारख्या खेळाडूंच्या पाठीशी उभे राहिलेले. तेच कैदेत गेले आणि १९६९ मध्ये तिथंच वारले.

टेबल टेनिस संघात संशयाची सुई कुणाकडं वळली? हाँगकाँगहून आलेल्यांकडं. ब्रिटिशांच्या वसाहतीत वाढले, बाहेर नातेवाईक आहेत, परदेशात जाऊन येतात, म्हणजे हे हेर. एवढा पुरावा त्या दिवसांत पुरेसा होता.

यात तिघं सापडले. पहिला फू छीफांग, मुंबईत ब्राँझ जिंकलेला आणि नंतर चीनच्या पुरुष संघाचा कोच झालेला. दुसरा जियांग योंगनिंग, मुंबईतला त्याचाच जोडीदार. आणि तिसरा रोंग. चौकशा, जाहीर अपमान आणि मारहाण सुरू झाली. एप्रिल १९६८ मध्ये फूनं आयुष्य संपवलं. महिन्याभरानं, मे मध्ये, जियांगनंही तेच केलं.

२० जून १९६८ ला रोंग गेला. वय अवघं ३०. मागं पत्नी आणि लहान मुलगी. जाताना त्यानं चिठ्ठी लिहून ठेवली होती. आपण हेर नाही, आपल्यावर संशय घेऊ नका आणि आपल्याला जिवापेक्षा अब्रू मोठी वाटते, असा तिचा आशय होता.

हाँगकाँगमध्ये चीनचा राष्ट्रदिन साजरा केला म्हणून त्याची नोकरी गेली होती. चीनमध्ये तो हाँगकाँगचा आहे म्हणून त्याचा जीव गेला.

त्याच्यानंतर

तीनच वर्षांत चित्र पालटलं. १९७१ ला चीन पुन्हा वर्ल्ड चॅम्पियनशिपला उतरला, जपानच्या नागोयात. तिथं झुआंग झेडोंग आणि अमेरिकेचा ग्लेन कोवान यांची बसमध्ये भेट झाली, अमेरिकन संघाला चीनचं आमंत्रण गेलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला पोहोचले. जगानं याला पिंग-पाँग डिप्लोमसी म्हटलं. ज्या परक्यांशी संबंधाच्या संशयावरून तिघांचा जीव गेला, त्याच परक्यांशी दोस्ती करायला चीननं टेबल टेनिसच वापरलं.

त्याच नागोयात महिला एकेरीची फायनल दोन चिनी खेळाडूंमध्ये झाली. एक लिन हुईछिंग आणि दुसरी चेंग मिन्झी. म्हणजे १९६५ च्या फायनलला रोंगनं ऐनवेळी उतरवलेल्या त्याच दोघी. त्यात लिन जिंकली. तेव्हा त्यांच्या जुन्या कोचचं नाव अधिकृतपणे घेण्याची सोय नव्हती.

माओ १९७६ मध्ये गेले. त्यानंतर १९७८ मध्ये चीनच्या खेळ खात्यानं फू, जियांग आणि रोंग या तिघांवरचे आरोप मागं घेतले आणि त्यांना निर्दोष ठरवलं. घराण्याच्या मूळ गावाकडं, आजच्या झुहाई शहरात, रोंगचा पुतळा उभा आहे. चिनी खेळांचा इतिहास आता त्याच्या नावापासूनच सुरू होतो आणि तिथल्या पोरांना ५ एप्रिल १९५९ ची फायनल आवर्जून सांगितली जाते. २० जून १९६८ बद्दल मात्र फार कमी बोललं जातं.