लुई ब्रेल : बोटांना लाभलेली लिपी

प्रास्ताविक

रायपूर शहरातील एखाद्या मराठी घरात आज असे दृश्य सहज दिसू शकते. उतारवयामुळे नजर मंदावलेले आजोबा हातातील मोबाइलवर अक्षरे मोठी करून गावाकडून आलेला निरोप वाचत आहेत. शेजारच्या घरी एक दृष्टिहीन तरुण संगणक वाचून दाखवीत असलेला पाठ ऐकत आहे आणि त्यातील महत्त्वाचे मुद्दे ब्रेल पाटीवर टिपून घेत आहे. या कामासाठी दोघांनाही कोणाला हाक मारावी लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र दृष्टिहीन माणसाने स्वतःचे स्वतः वाचावे आणि लिहावे, ही गोष्ट जवळजवळ अशक्य मानली जात असे. ती शक्य करून दाखविणाऱ्या एका शिक्षकाचे चरित्र आपण या पाठात वाचणार आहोत.

पाठ

फ्रान्सची राजधानी पॅरिस. तिच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कुव्रे नावाचे एक खेडे आहे. या खेड्यात ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील सिमोन-रने हे घोड्यांसाठी चामड्याचे खोगीर, लगाम इत्यादी साज तयार करीत. आई मोनिक घर सांभाळीत असे. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा होता.

वडिलांची कर्मशाळा म्हणजे लुईच्या कुतूहलाचे ठिकाण. तीन वर्षांचा असताना वडिलांचे अनुकरण करीत त्याने तेथील आरी हातात घेतली आणि चामड्याला भोक पाडू लागला. आरी निसटली आणि तिचे टोक डोळ्यात घुसले. त्या काळी जंतुसंसर्गावर खात्रीचा उपाय नव्हता. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्णपणे गेली.

अशा मुलाच्या वाट्याला त्या काळी परावलंबन किंवा भीक, यांपैकी एक गोष्ट येई. लुईच्या आईवडिलांनी ते स्वीकारले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली आणि गावातील वाटा स्वतः चालायला शिकविले. लाकडात खिळे ठोकून त्यांनी अक्षरांचे आकार तयार केले व बोटे फिरवून ते ओळखण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला. गावातील धर्मगुरू पाल्वी यांनी त्याला शिकविण्याचे मनावर घेतले. पुढे गावच्या शिक्षकांनीही त्याला इतर मुलांबरोबर शाळेत बसू दिले. केवळ ऐकून लुई सर्व लक्षात ठेवी; परंतु मुले पुस्तके उघडून वाचू लागली की त्याला हात बांधून बसावे लागे.

पॅरिसमध्ये वालेंतीन आउई यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दृष्टिहीन मुलांसाठी शाळा स्थापन केली होती. १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, लुई या शाळेत दाखल झाला. शाळेची इमारत जुनी, अंधारी आणि ओलसर होती. तेथे खास पुस्तके आहेत, ही त्याच्यासाठी मोठ्या आनंदाची गोष्ट होती. जाड ओल्या कागदावर मोठमोठे ठसे दाबून सामान्य रोमन अक्षरे कागदावर उठविलेली असत. मुलांनी प्रत्येक अक्षराच्या कडेवरून बोट फिरवायचे, आकार ओळखायचा आणि अक्षराला अक्षर जोडून शब्द तयार करायचा. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरून जाई. पुस्तके अतिशय जड आणि संख्येने मोजकी होती. शिवाय या पद्धतीने वाचता आले, तरी लिहिता मुळीच येत नसे.

आउई यांचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. डोळ्याला अक्षराची गोलाई व तिरपी रेघ एका क्षणात कळते. बोटाला तीच गोष्ट चाचपत शोधावी लागते. ही उणीव डोळस शिक्षकांच्या लक्षात येत नव्हती. लुईच्या बोटांना मात्र ती रोज जाणवत होती.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाचे एक गृहस्थ आपली नवी लेखनपद्धती घेऊन शाळेत आले. ते पूर्वी तोफखान्यात अधिकारी होते. त्यांच्या पद्धतीत रेषा नव्हत्या. कागदावर उठविलेली टिंबे होती. बोटाला रेषेपेक्षा टिंब लवकर समजते, हे मुलांना तत्काळ पटले. टोकदार सळईने टिंबे टोचून लिहिताही येत होते. परंतु या पद्धतीत मोठे दोष होते. एका चिन्हात बारापर्यंत टिंबे असत. त्यामुळे ते बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नसे. चिन्हे केवळ उच्चारांसाठी होती. शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक आणि संगीत यांची सोय त्यांत नव्हती.

लुई त्या वेळी बारा वर्षांचा होता. या पद्धतीत सुधारणा करण्याचा त्याने ध्यास घेतला. शाळेचे तास संपल्यावर आणि सुटीत गावी गेल्यावरही तो कागदावर टिंबे टोचीत बसे. एक चिन्ह म्हणजे बोटाच्या टोकाला एका स्पर्शात कळेल एवढाच आकार, हे सूत्र त्याने मनाशी पक्के केले. १८२४ पर्यंत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी सिद्ध झाली. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी, म्हणजे एकूण सहा जागा. कोणत्या जागी टिंब आहे आणि कोणती जागा रिकामी आहे, यावरून त्रेसष्ट वेगवेगळी चिन्हे तयार होतात. पहिली दहा अक्षरे वरच्या चार जागांमध्येच बसविलेली आहेत. त्यांनाच डावीकडील तळाचे टिंब जोडले की पुढील दहा अक्षरे मिळतात. अशी शिस्तबद्ध मांडणी असल्यामुळे ही लिपी शिकण्यास सोपी झाली. ज्या जातीच्या हत्याराने लुईची दृष्टी हिरावली, तशाच टोकदार हत्याराने या लिपीतील टिंबे टोचली जातात, हा एक विलक्षण योगायोग होय.

विद्यार्थी असलेला लुई १८२८ मध्ये त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि १८३३ मध्ये पूर्ण वेळ शिक्षक झाला. ब्रेल सर शांत, काटेकोर आणि मनमिळाऊ होते. संगीतात ते निपुण होते. पॅरिसमधील चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. १८२९ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. शब्दांबरोबर संगीताचे स्वरलेखनही या टिंबांनी कसे करावे, हे त्यात दाखविले होते. १८३७ मध्ये त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली.

नव्या लिपीचा मार्ग मात्र सुकर नव्हता. १८४० मध्ये शाळेच्या प्रमुखपदी द्युफो आले आणि त्यांनी टिंबांच्या लिपीला मज्जाव केला. दृष्टिहीनांची लिपी वेगळी झाली तर ते डोळस समाजापासून दुरावतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु त्यावरचा उपाय चुकीचा होता. विद्यार्थ्यांनी ही लिपी सोडली नाही. गुपचूप टिंबे टोचून ते एकमेकांना लिहीत आणि वाचीत राहिले. ज्यांना स्वतःचे विचार प्रथमच कागदावर उतरविता आले होते, ते पुन्हा मुके होण्यास तयार नव्हते.

डोळस समाजाशी संबंध कसा राखावा, याचा विचार ब्रेल यांनी आधीच केला होता. शाळेतील मुलाला घरी पत्र पाठवायचे असेल, तर मनातील गोष्ट दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावी लागे. त्यामुळे १८३९ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत टिंबांचीच, परंतु सामान्य अक्षरांच्या आकाराची मांडणी होती. दृष्टिहीनाने लिहिलेले डोळस माणूस सरळ वाचू शके. हे काम फार सावकाश होई. तेव्हा फुको नावाच्या त्यांच्या दृष्टिहीन मित्राने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्र तयार केले. दांडे दाबले की कागदावर टिंबे उमटून अक्षर तयार होई. टंकलेखन यंत्र जगभर रूढ होण्याच्या कितीतरी आधी दोन दृष्टिहीन मित्रांनी हे साधन घडविले होते.

अखेर साहाय्यक प्रमुख जोसेफ ग्वादे यांनी द्युफो यांचे मन वळविले. फेब्रुवारी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या समारंभात ब्रेल लिपीचे प्रात्यक्षिक सर्वांसमक्ष करून दाखविण्यात आले. एका मुलाने सांगितलेला मजकूर टिंबांत लिहिला आणि तेथे हजर नसलेल्या दुसऱ्या मुलाने नंतर येऊन तो बोटांनी अचूक वाचला. ब्रेल लिपीला तिच्या जन्मस्थानी पुन्हा मान मिळाला.

त्या वेळी ब्रेल यांची प्रकृती खालावत चालली होती. ऐन पंचविशीतच त्यांना क्षयाने गाठले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षे नुकतीच पूर्ण झालेली असताना, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. १८७८ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनेही तिचा पुरस्कार केला. निधनानंतर शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात सन्मानपूर्वक नेण्यात आल्या. त्यांचे हात मात्र त्यांच्या गावीच, कुव्रे येथे, जतन केलेले आहेत.

आपल्या देशात अशा लिपीची गरज किती मोठी होती, हे एका उदाहरणावरून समजते. विदर्भातील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १८८१ ते १९१५ या अल्प आयुष्यात त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि तोंडी सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहवून घेतले. त्यांची बुद्धी असामान्य होती आणि त्यांना वाचून दाखविणारे, लिहून घेणारे शिष्यही लाभले. ज्यांना असे कोणी लाभत नाही, त्यांनी काय करावे? भारतात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती प्रचलित होत्या. त्यामुळे एका ठिकाणचे पुस्तक दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नसे. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारण्यात आली. तीत चिन्हांची योजना उच्चारानुसार केलेली आहे. ब्रेल यांनी रोमन लिपीतील ‘के’साठी ठरविलेल्या टिंबांवर आज मराठीतील ‘क’ वाचला जातो. २००९ मध्ये ब्रेल यांच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने दोन रुपयांचे विशेष नाणे काढले.

आज संगणक आणि मोबाइल बोलू लागले आहेत. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला पडदावाचक असे म्हणता येईल. एनव्हीडीए नावाच्या विनामूल्य पडदावाचकाची निर्मिती २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केली. तो मराठीही वाचून दाखवितो. संगणकाला जोडता येणाऱ्या पट्टीवर टिंबे वरखाली होऊन मजकूर बोटांना कळतो, तर स्मार्टफोनच्या काचेवर बोटे टेकवून ब्रेल पद्धतीने लिहिताही येते.

तरीही आउई यांच्या पुस्तकांतील उणीव आजही अनेक ठिकाणी आढळते. मोबाइलवरील एखाद्या चित्ररूप बटणाला नाव दिलेले नसेल, तर पडदावाचक नुसते ‘बटण’ एवढेच सांगतो; ते दाबल्यावर पैसे जातील की अर्ज भरला जाईल, हे कळत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्ये न लिहिता जुन्या फॉन्टमध्ये लिहिला किंवा कागदाचे नुसते छायाचित्र काढून पाठविला, तर डोळ्यांना तो स्पष्ट दिसतो, पण पडदावाचकाला वाचता येत नाही. फिकट रंगातील बारीक अक्षरे वृद्धांना दिसत नाहीत. या अडचणी दृष्टीच्या अभावातून आलेल्या नाहीत; साधन तयार करणाऱ्याने वापरणाऱ्याचा विचार न केल्यामुळे त्या निर्माण झालेल्या आहेत.

लुई ब्रेल यांच्या चरित्राचे सार येथेच आहे. त्यांनी कोणाची दया मागितली नाही आणि बोटांनी डोळ्यांसारखे वागावे, असा हट्टही धरला नाही. बोटांना काय कळते, हे ओळखून त्यांनी अक्षरांनाच नवे रूप दिले. बटणाला नाव देणे, मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे, अक्षरे ठळक ठेवणे, या लहानसहान गोष्टी आज आपल्यापैकी कोणालाही करता येतील. असे केले तर पंधरा वर्षांच्या त्या मुलाने सुरू केलेले काम थोडेसे पुढे नेल्यासारखे होईल.

शब्दार्थ

कर्मशाळा – काम करण्याची जागा. आरी – चामड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार. परावलंबन – दुसऱ्यावर अवलंबून राहणे. मज्जाव – मनाई. प्रज्ञाचक्षू – बुद्धी हेच ज्याचे डोळे आहेत असा. आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच.

स्वाध्याय

१. आउई यांच्या शाळेतील पुस्तके वाचताना मुलांना कोणत्या अडचणी येत?
२. बार्बिए यांच्या पद्धतीतील कोणते दोष ब्रेल यांनी दूर केले?
३. टिंबांच्या लिपीवरील आक्षेप कोणता होता? त्या संदर्भात ब्रेल व फुको यांनी कोणते काम केले?
४. आपल्या घरातील किंवा परिसरातील वृद्ध अथवा दृष्टिहीन व्यक्तीला मोबाइल वापरताना येणाऱ्या अडचणी विचारा आणि त्या आठ-दहा ओळींत लिहा.