कै. हरि विनायक पाटसकर : जळगावचे पहिले खासदार

जळगाव मतदारसंघातून लोकसभेवर प्रथम कोण निवडून गेले, असा प्रश्न आपल्या मुलांस विचारला असता बहुधा उत्तर मिळत नाही. ते मान कै. हरि विनायक पाटसकर यांचे होय. 1892 साली जन्मलेले पाटसकर व्यवसायाने वकील. संविधान सभेत मुंबई प्रांताचे सभासद. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे विजयी झाले. लोकसभेतील त्यांची कारकीर्द अवघी पाच वर्षांची. परंतु तेवढ्या अवधीत त्यांच्या हातून जे कार्य झाले, त्याचा संबंध आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या सातबाराशी आहे.

हिंदु कोडाचा प्रश्न रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडले होते. पुढे त्या कोडाचे भाग पाडून निरनिराळी विधेयके आणण्यात आली. 1955 चा विवाह कायदा व 1956 चा वारसा कायदा लोकसभेत मांडून लढविण्याचे काम विधिमंत्रालयातील मंत्री या नात्याने पाटसकरांकडे आले. तत्पूर्वी विधवेस नवऱ्याच्या मिळकतीत केवळ हयातीपुरता हक्क असे; जमीन विकावयाची तर कायदेशीर गरज दाखवावी लागे. 1956 पासून ती पूर्ण मालकीण झाली, आणि बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस ठरली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र तिला जन्मतः हक्क मिळाला नाही. तो महाराष्ट्रात 1994 साली व देशभर 2005 साली आला. शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या माणसाने असे विधेयक हाती धरावे, ही सोपी गोष्ट नव्हे. कायदा होऊन कित्येक वर्षे लोटल्यावरही आमच्या घरी वाटणीच्या वेळी दोन्ही आत्यांच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेण्यात आल्या. माहेर तुटू नये म्हणून त्यांनी त्या दिल्या. कोणी काही बोलले नाही, मीही नाही.

1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पूर्व खानदेशची जागा अपक्ष नौशेर भरुचा यांच्याकडे गेली. पाटसकर त्याच वर्षी मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले व 1965 पर्यंत त्या पदावर राहिले. 1963 साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. आसामच्या डोंगरी भागाविषयीच्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

परंतु नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. आंध्र व मद्रास यांच्या सीमातंट्यात मध्यस्थ म्हणून त्यांनी निवाडा दिला. खेडे हा घटक धरावा, भाषिक बहुमत पाहावे, भौगोलिक सलगता राखावी, हे त्याचे सूत्र. 1 एप्रिल 1960 पासून ते अमलात येऊन तिरुत्तणी मद्रासकडे गेले. बेळगाव-कारवारच्या प्रश्नात महाराष्ट्राने आपली मागणी याच सूत्रावर उभारली. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ज्यांच्या पक्षाची जागा गेली, त्यांचेच नाव सीमाभागातील मराठी माणसाच्या तोंडी राहिले!

अखेरच्या काळात पाटसकरांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. 1970 च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.