मलिक अंबर : आधी पाणी, मग शहर

हरिहरेश्वरचे देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, ऐन समुद्रावर उभे आहे. प्रदक्षिणेची वाट मागचा डोंगर चढते, कड्याच्या खाचेतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि लाटांनी कोरलेल्या खडकांवर येते. भरती आली की ही वाट बंद. दक्षिणेला सावित्रीची खाडी आणि पलीकडे बाणकोट. उत्तरेला श्रीवर्धन, दिवेआगर आणि त्यापुढे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होता. जुने लोक त्याला हबसाण म्हणत, म्हणजे हबशांचा मुलूख. हबशी म्हणजे अबिसिनियाचे, आजच्या इथिओपियाचे लोक.

जंजिऱ्याच्या चारी बाजूंना खारे पाणी आहे, पण तटाच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. बुरुजांवरच्या तोफांची चर्चा फार होते. पण वेढ्यात माणसे जगवली ती या तलावांनी. कुठलीही वस्ती आधी पाण्यावर उभी राहते आणि मग दगडावर, ही गोष्ट घाटावर, दख्खनच्या कोरड्या पठारावर ज्याने सगळ्यांत मोठ्या प्रमाणात करून दाखवली, तोही एक हबशीच होता. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. घरचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून बगदादला पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, लिहायला-वाचायला शिकवले. मुलाने इस्लाम स्वीकारला आणि त्याला अंबर हे नवे नाव मिळाले. अंबर हे एका सुगंधी द्रव्याचे नाव. गुलामांना अशी नावे देण्याची तेव्हा रीतच होती. पुढे त्याला दख्खनला आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याला विकण्यात आले. चंगेजखान स्वतः हबशी होता आणि तोही गुलामीतून वर आलेला. हरिहरेश्वरशेजारच्या श्रीवर्धनचे भट घराणे पुढे ज्या पदामुळे इतिहासात गाजले, त्या पदाचे नाव निजामशाहीत एका हबशाने मिरवले होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

चंगेजखानाच्या हाताखाली अंबर यांनी राज्यकारभार आणि फौजेचे शिक्षण घेतले. धन्याचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. मग काही वर्षे विजापूरकरांकडे चाकरी झाली. मलिक ही पदवी तिथली. १५९५ च्या सुमारास ते दीडशे स्वार घेऊन निजामशाहीत परतले. १६०० मध्ये चांदबीबी मारल्या गेल्या आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. निजामशाही संपली, असे सगळ्यांनी धरले. अंबर यांनी तसे धरले नाही. त्यांनी राजघराण्यातला एक तरुण शोधून त्याला मुर्तझा निजामशाह म्हणून परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीस वर्षे ते राज्य चालवले.

हे राज्य फिरतीवर होते. परांडा, जुन्नर, दौलताबाद असे मुक्काम बदलत गेले. फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि हजारो मराठा बारगीर होते. समोरासमोरची लढाई टाळायची, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, ही रीत त्यांनी मोगलांविरुद्ध वर्षानुवर्षे चालवली. शहाजीराजे भोसले याच राज्याच्या चाकरीत वाढले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची अंबर यांची पद्धत त्यांच्यानंतरही दख्खनच्या महसुलात टिकून राहिली.

१६१० मध्ये अंबर यांनी दौलताबादजवळच्या खडकी गावी नवे शहर वसवायला घेतले. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. शेजारून खाम नदी वाहायची, पण मोठ्या शहराची तहान भागवण्याइतके पाणी तिच्यात बारमाही नसे. अशा ठिकाणी राजा आधी महाल बांधतो, मग पाण्याचा विचार करतो, हा नेहमीचा अनुभव. त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, दिल्लीच्या महंमद तुघलकाने याच टापूत, दौलताबादला, राजधानी हलवली होती आणि ती टिकली नव्हती. अंबर यांनी पाण्याचे काम अगदी सुरुवातीलाच हाती घेतले. तेच आजही नहर-ए-अंबरी या नावाने ओळखले जाते.

या नहरीची रचना साधी आणि हुशार आहे. उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूला जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारात गोळा करायचे आणि नैसर्गिक उताराने शहराकडे आणायचे. मोट नाही, रहाट नाही, माणसाचे बळ नाही. वाटेत विटा-चुन्याचे मनोरे होते. पाणी त्यांत चढून पुन्हा खापरी नळांतून उतरत पुढच्या हौदाकडे जाई. इराण आणि इराकमध्ये भूमिगत कालव्यांची विद्या फार जुनी. बगदादला राहिलेल्या माणसाला ती अपरिचित नसावी. दख्खनच्या काळ्या खडकात ती उतरवणे मात्र त्यांचे काम. पुढे अठराव्या शतकात पाणचक्की फिरवणारी नहर याच परंपरेत बांधली गेली.

पाणी कुठे पोहोचते यावरून शहराचा स्वभाव कळतो. नहरीचे पाणी महालात गेले, मशिदींच्या हौदांत गेले आणि वस्तीच्या हौदांतही गेले. मशिदीत त्या पाण्याने वजू झाले आणि गल्लीत त्याच पाण्याने घागरी भरल्या. तहानलेल्याला पाणी देणे हा इस्लाममध्ये मोठा सदका मानला जातो आणि विहीर किंवा कालवा म्हणजे देणाऱ्याच्या मृत्यूनंतरही चालू राहणारे दान, सदका-ए-जारिया. दिवसभराच्या रोज्यानंतर पहिला घोट घेणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

शहराची वाटणीही पाहण्यासारखी होती. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी पुऱ्यांची नावे मराठा सरदारांच्या नावांवरून पडली. ज्यांच्या तलवारीवर राज्य उभे होते, त्यांना शहरात आपल्या नावाची वस्ती मिळाली. काळ्या दगडाच्या साध्या मशिदी उठल्या, नौखंडा महाल झाला आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. आज दिसणारी शहराची तटबंदी औरंगजेबाच्या काळातली आहे.

हे शहर मोगलांना खुपत होते. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर त्यांच्या फौजेने खडकी लुटली आणि जाळली. १६२१ मध्ये पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा शहर पुन्हा वसले, कारण घरे जळाली तरी जमिनीखालची नहर वाहत होती. त्याच सुमारास जहांगीरने एक चित्र काढवून घेतले. त्यात तो भाल्यावर लावलेल्या अंबर यांच्या शिरावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते शिर त्याच्या हाती कधीच लागले नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर एक होऊन आले, तेव्हा अंबर यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूचा तळ चिखलात घातला आणि लढाई जिंकली. पाण्याची ताकद त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होती.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचे निधन झाले. खुलदाबादला जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे. जवळच पत्नी बीबी करीमा यांची. दगडी चौरस इमारत, वर घुमट. मुलगा फतेहखान याने खडकीचे फतेहनगर केले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि आता ते छत्रपती संभाजीनगर आहे.

नावे बदलली आणि नहरही थकली. रस्ते आणि इमारतींच्या पायांनी तिचे नळ फुटले, मनोरे ढासळले, हौद बुजले. जायकवाडीचे धरण जवळ असूनही याच शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत राहिले. शहर कुणाचे, यावर वाद पुष्कळ होतात. नहरीचे उरलेले नळ आणि मनोरे कोण जपणार, यावर फारसे कुणी बोलत नाही. हबसाणच्या किनाऱ्यावर जंजिऱ्याचे तलाव अजून आहेत. खडकीच्या नहरीचे जे उरले आहे, तेही वाचवता येईल. विकत आणलेल्या एका मुलाने या मातीला दिलेले ते दान आहे आणि ते सगळ्यांसाठी होते.