फॉस्टरचा जमाखर्च

१८५७ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील एक तीस वर्षांचा गृहस्थ आपल्या गाण्यांची यादी करावयास बसला. प्रत्येक गाण्यावर आजवर किती रॉयल्टी मिळाली आणि यापुढे किती मिळू शकेल, असे आकडे त्याने मांडले. भावी प्राप्तीची बेरीज झाली २,७८६ डॉलर ७७ सेंट. हे सारे भावी हक्क त्याने प्रकाशकांच्या स्वाधीन केले, आणि त्यापोटी हाती घेतले १,८७२ डॉलर २८ सेंट. स्वतःच्याच हिशेबाने ज्याची किंमत एक रुपया, ते त्याने सुमारे सदुसष्ट पैशांना विकले.

स्टीफन फॉस्टर हे त्याचे नाव. अमेरिकन स्वातंत्र्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, म्हणजे ४ जुलै १८२६ रोजी, पिट्सबर्गजवळील लॉरेन्सव्हिल येथे तो जन्मला. त्याची गाणी आज लोकगीतांसारखी अनामिक होऊन जगभर फिरतात. ती कोणी एकाने रचली हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कलावंत तो व्यवहारशून्य, असा आपल्याकडे एक सोयीचा समज आहे. फॉस्टरला तो लावता येत नाही. विशीत तो सिनसिनाटी येथे भावाच्या आगबोटीच्या पेढीत हिशेबनीस होता. पुढेही त्याने गाण्यांचा जमाखर्च नेटाने लिहून ठेवला, आणि आज त्याच्याविषयी जे नेमके सांगता येते त्यातील बराचसा भाग या आकड्यांतूनच आलेला आहे.

ग्रामोफोन अद्याप निघावयाचा होता. गाणे विकले जाई ते छापील स्वरलिपीच्या रूपाने, साधारण पंचवीस सेंटांना. नाटकमंडळीने ते रात्रीमागून रात्र गायिले तरी रचनाकाराला त्याबद्दल एक सेंटही मिळत नसे. 'ओ! सुझाना' या १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाण्याबद्दल फॉस्टरच्या हाती पन्नास-पन्नास डॉलरच्या दोन नोटा पडल्या. अवघ्या तीन वर्षांत निरनिराळ्या छापखान्यांनी ते किमान वीस वेळा छापले. त्यांतून त्याला काही मिळाले नाही. तरीही त्या दोन नोटांनी त्याला असे वाटावयास लावले की केवळ गीतरचनेवर पोट भरता येईल. असा विचार करणारा अमेरिकेतील तो जवळजवळ पहिलाच.

१८४९ साली न्यू यॉर्कच्या फर्थ, पाँड आणि कंपनीने त्याला खर्च वजा जाता दर प्रतीमागे दोन सेंट देऊ केले. पुढील करारांत हा दर विक्रीच्या दहा टक्क्यांपर्यंत गेला. त्या काळाच्या मानाने ही वागणूक वाईट नव्हती, हे प्रकाशकाच्या बाजूने नमूद केले पाहिजे. 'ओल्ड फोक्स अॅट होम'ने १८५७ पर्यंत त्याला १,६४७ डॉलर ४६ सेंट मिळवून दिले. 'माय ओल्ड केंटकी होम'ने १,३७२ डॉलर ६ सेंट. यांतील पहिल्या गाण्यावर मात्र रचनाकार म्हणून छापलेले नाव होते ई. पी. ख्रिस्ती या नाटकमंडळीच्या मालकाचे. चेहऱ्याला काजळी फासून निग्रो गुलामांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या गायकांची ती मंडळी. अशा गाण्यांशी आपले नाव जोडले जाऊ नये म्हणून फॉस्टरने ते श्रेय पैसे घेऊन ख्रिस्तीला दिले होते. १८५२ मध्ये त्याने ते परत मागितले. ख्रिस्तीने नकार दिला. ज्यांच्या बोलीची आणि दुःखाची ही विक्री चालली होती त्या काळ्या माणसांसाठी तर कोणाच्याच वहीत रकाना नव्हता. पिट्सबर्गमधील फॉस्टरच्या पुतळ्यात त्याच्या पायाशी बँजो वाजवणारा काळा माणूस दाखविला होता. तो पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला.

१८५७ च्या व्यवहाराकडे पुन्हा वळू. अकरा वर्षांच्या धंद्यात फॉस्टरची रॉयल्टीची सरासरी प्राप्ती वर्षाला १,३७१ डॉलर होती. म्हणजे तोवरच्या सर्व गाण्यांचे भवितव्य त्याने दीड वर्षाच्याही प्राप्तीइतक्या रकमेत विकले नाही. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण येथे पुरती लागू पडत नाही. अक्कल होती, ती कागदावर उतरलेली आहे. पण रॉयल्टी येते ती हप्त्याहप्त्याने, आणि देणेकरी दाराशी उभा राहतो तो आज. भावी प्राप्ती विकत घेणारी पेढी नव्हती, तिच्या तारणावर कर्ज देणारी बँक नव्हती. गिऱ्हाईक एकच, प्रकाशक. किती प्रती खपतात हेही प्रकाशकाच्याच दप्तरात. जेथे एकच गिऱ्हाईक असते आणि माहितीही त्याच्याच हाती असते, तेथे विकणाऱ्याने लावलेला भाव त्याच्या कागदावरच राहतो. सूट केवळ कालावधीची नव्हती, निकडीचीही होती.

आणि एकदा भांडवल खाल्ले की ते पुन्हा खावे लागते. पुढील तीन वर्षांत फॉस्टर नव्या गाण्यांवर उचल घेत राहिला. १८६० च्या उन्हाळ्यात उचल मिळकतीपेक्षा १,३९६ डॉलर ६४ सेंटांनी जास्त झालेली आढळली. तेव्हा १८५७ नंतरच्या सोळा गाण्यांचे हक्क त्याने १,६०० डॉलरना देऊन टाकले. देणे वळते होऊन उरले २०३ डॉलर ३६ सेंट. ती रक्कम घेऊन तो न्यू यॉर्कला आला.

पहिल्या विक्रीत निदान पिकलेले शेत विकले होते. आता बियाणेच विकले जाऊ लागले. यादवी युद्ध सुरू झाले होते, दारू वाढली होती. १८५० मध्ये लग्न झालेली त्याची पत्नी जेन हिने मुलगी मॅरियन हिला घेऊन वेगळे राहून रेल्वेच्या तारकचेरीत नोकरी धरली. १८६३ या एका वर्षात फॉस्टरने चाळीसहून अधिक गाणी रचली आणि बहुतेक मिळेल त्या रोख रकमेला तिथल्या तिथे दिली. रॉयल्टीचा प्रश्नच उरला नाही. १३ जानेवारी १८६४ रोजी, सदतिसाव्या वर्षी, तो बेलव्ह्यू रुग्णालयात वारला. पाकिटात अडतीस सेंट निघाले.

अकरा वर्षांची त्याची एकूण रॉयल्टी १५,०९१ डॉलर ८ सेंट भरते. परंतु १८३१ च्या अमेरिकन कायद्यात एक तरतूद होती, जी त्या १८५७ च्या यादीत कोठेच दिसत नाही. कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांचा. ती मुदत संपली की आणखी चौदा वर्षांसाठी नूतनीकरणाचा अधिकार रचनाकाराच्या विधवेला व मुलांना मिळे. 'ओल्ड फोक्स अॅट होम'ची मुदत १८७९ मध्ये संपली. त्यानंतर ख्रिस्तीचे नाव जाऊन त्या गाण्यावर फॉस्टरचे नाव आले. जेन आणि मॅरियन यांना जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीपोटी पुढे एकूण ४,१९९ डॉलर मिळाले.