परंड्याचा मलिक अंबर

परंड्याच्या किल्ल्यातील तोफा पाहावयास जाणारे पुष्कळ. परंतु रयतेच्या धान्याचा हिशेब नीट लावून देणाऱ्या कारभाऱ्याचा उदय तेथेच झाला, हे धाराशिव जिल्ह्यात थोड्यांच्याच ध्यानी असते. सुमारे १५४८ साली हबसाणात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जात जात निजामशाहीत आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा त्याने परंड्यास दुसऱ्या मूर्तजास गादीवर बसवून बुडते राज्य सावरले.

त्याच्या लढाया सर्वश्रुत आहेत. आम्हांस मोठी वाटते ती त्याची धारेबंदी. वसुलाचा मक्ता घेणाऱ्यास कुळाच्या घरी पेरणीपुरते बी उरले की नाही, याची फिकीर कशास असावी? अंबराने ती मक्तेदारी मोडली, जमिनीची पाहणी करून प्रत ठरविली, वसुलाचा भार गावच्या पाटलावर टाकला आणि सरकारचा हिस्सा पिकाच्या मानाने धरला. पुढे तो रोखीने घेऊ लागला. हिस्सा हलका होता असे मात्र नव्हे. दोन पंचमांश धान्य, असे परंपरा सांगते! पण मक्तेदाराच्या मर्जीऐवजी शेतातील पीक हे त्याचे माप झाले. देण्याचे माप ठाऊक असले म्हणजे निम्मी धास्ती जाते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

१६२६ साली तो वारला. चारच वर्षांनी पाऊस बुडाला, त्यात मोगलांच्या फौजा मुलखात शिरल्या, आणि दख्खनेत गावेच्या गावे ओस पडली.