अ‍ॅस्पिरीनचे कोडे उलगडणारे जॉन व्हेन

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या असंख्य रुग्णांच्या रोजच्या औषधांत अ‍ॅस्पिरीनची ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी असते. डोकेदुखीवर याच औषधाची मात्रा चौपट किंवा त्याहूनही अधिक लागते. अल्प मात्रेत मात्र ते रक्ताची गुठळी होऊ देत नाही, आणि तेच कधी जठरातून रक्तस्रावही घडवून आणते. अ‍ॅस्पिरीन १८९९ पासून बाजारात होते. परंतु शरीरात गेल्यावर ते नेमके काय करते, हे पुढची सत्तर वर्षे कोणालाच उमगले नव्हते. हे कोडे ज्यांनी सोडविले ते ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ म्हणजे सर जॉन रॉबर्ट व्हेन.

२९ मार्च १९२७ रोजी इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी नाताळची भेट म्हणून रसायनांचा संच मिळाला आणि आईच्या स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगडीवर प्रयोग सुरू झाले. एका छोट्याशा स्फोटाने नुकत्याच रंगविलेल्या भिंतींचा रंग बिघडला, तेव्हा वडिलांनी मुलाला रागावून गप्प बसविण्याऐवजी बागेत लाकडी खोली बांधून दिली, तीही गॅस आणि पाण्याच्या जोडणीसह. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात रसायनशास्त्र शिकताना मात्र त्यांचा विरस झाला. ठरावीक कृती आणि ठरलेले उत्तर, यात शोध कुठे होता? पदवीनंतर काय करणार, असे प्राध्यापकांनी विचारताच रसायनशास्त्र सोडून काहीही, असे उत्तर त्यांनी दिले. योगायोगाने ऑक्सफर्डच्या हॅरॉल्ड बर्न यांना औषधशास्त्रासाठी एक रसायनज्ञ हवा होता. औषधशास्त्र म्हणजे काय हे व्हेन यांनी ग्रंथालयात जाऊन वाचले आणि ते ऑक्सफर्डला गेले.

बर्न यांच्याकडून त्यांनी जी पद्धत उचलली ती आजच्या यंत्रयुगात जुनाट वाटेल. प्राण्यांच्या ऊतींच्या पट्ट्या एकाखाली एक टांगायच्या आणि त्यांवरून रक्त किंवा अन्य द्रव झिरपू द्यायचा. कोणती पट्टी आकुंचन पावते, कोणती सैल पडते, यावरून द्रवातील पदार्थ ओळखायचा. अमेरिकेतील येल विद्यापीठात दोन वर्षे काढून १९५५ मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये आले, तेव्हापासून हीच पद्धत त्यांचे मुख्य हत्यार ठरली.

१९७१ मधील एका आठवडाअखेरीस लेखन करीत असताना त्यांना एक कल्पना सुचली. प्रोस्टाग्लँडिन या नावाची द्रव्ये शरीरात ताप, वेदना, सूज निर्माण करतात. अ‍ॅस्पिरीन ती तयारच होऊ देत नसेल काय? सोमवारी त्यांनी गिनीपिगच्या फुप्फुसाच्या ऊतीवर प्रयोग केला आणि संध्याकाळपर्यंत त्यांची खात्री पटली. त्याच वर्षी निबंध प्रसिद्ध झाला आणि ते जगभर गाजले.

या शोधातून लाभ आणि धोका यांचे नाते उघड झाले. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण प्रोस्टाग्लँडिनच करते. म्हणजे ज्या आघाताने वेदना शमते, त्याच आघाताने जठर उघडे पडते. रक्तातही असेच द्वंद्व आहे. रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, थ्रॉम्बॉक्सेन बनवून गुठळीला चालना देतात, तर रक्तवाहिनीचे अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवून गुठळी रोखते. यातील प्रोस्टासायक्लिन १९७६ मध्ये व्हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीच शोधले. मित्रांचा विरोध पत्करून ते १९७३ मध्ये वेलकम या औषधनिर्मात्या संस्थेत दाखल झाले होते, तेथील हे काम.

अ‍ॅस्पिरीन दोन्ही बाजूंना मारते. पण प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला निकामी झालेले विकर पुन्हा बनविता येत नाही. ती आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, पंगू राहते. रक्तवाहिनीच्या पेशी मात्र नवे विकर तयार करतात. म्हणूनच अल्प मात्रा पुरते. मात्रा वाढविल्याने गुठळीपासून संरक्षण फारसे वाढत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. १९८८ मध्ये सतरा हजारांवर रुग्णांवरील आयसिस-२ चाचणीत, झटका आल्यावर महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांतील मृत्यू पाच आठवड्यांत सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

याचा अर्थ धडधाकट माणसाने पन्नाशी उलटताच ही गोळी सुरू करावी, असा अनेकांनी काढला. तो टिकला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९ हजारांवर निरोगी वृद्धांच्या अ‍ॅस्प्री चाचणीत लाभ दिसला नाही, उलट गंभीर रक्तस्राव वाढले. झटका, स्टेंट किंवा गुठळीमुळे झालेला पक्षाघात ज्यांच्या बाबतीत होऊन गेला आहे, त्यांचे गणित वेगळे. डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली असेल तर त्यांनी ती परस्पर बंद करणे घातक ठरू शकते, अगदी दात काढायचा असला तरी. अल्सर असणाऱ्यांनी किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. काळी शौचास होणे हे आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. डेंग्यूची शंका असताना तापावर अ‍ॅस्पिरीन घेऊ नये, आणि ती आधीपासून चालू असेल तर तत्काळ डॉक्टरांना विचारावे.

व्हेन यांना १९८२ मध्ये बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, १९८४ मध्ये सर हा किताब लाभला. १९८६ मध्ये लंडनमध्ये त्यांनी विल्यम हार्वे संशोधन संस्था उभारली. जठराला न दुखविणारी नवी वेदनाशामके हा उत्तरायुष्यात त्यांच्या आस्थेचा विषय होता. ही औषधे जठर सांभाळत, पण प्रोस्टासायक्लिन घटवीत आणि थ्रॉम्बॉक्सेनला मोकळे सोडीत. त्यांतील रोफेकॉक्सिब हे गाजलेले औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ अखेर बाजारातून मागे घेतले गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १९ नोव्हेंबर २००४ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी व्हेन यांचे निधन झाले.