शाहीर अमर शेख : बार्शीच्या महबूब पटेलचा मराठी आवाज

सिनेमा-संगीतातले मुसलमान कलाकार म्हटलं की आपल्या घरांत नौशाद, रफीसाहेब, दिलीपकुमार ही नावं लगेच निघतात. आमच्या चेंबूरमध्ये तर आर. के. स्टुडिओमुळे नर्गिस आणि ख्वाजा अहमद अब्बास घरचेच वाटतात. पण ही सारी मंडळी हिंदी-उर्दूतली. मराठीत कोण, असं विचारलं की मुलं गप्प होतात. मोठेही होतात. म्हणून आज शाहीर अमर शेख.

खरं नाव महबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घरात गरिबी, पण आई मुनेरबी यांच्याकडे लोकगीतांचा खजिना होता. पोराला गाणं मिळालं ते आईच्या तोंडून, आणि मराठीत. हे मुद्दाम सांगायला हवं. मराठी मुसलमानाने मराठी कधीतरी नंतर शिकली असं समजणारे आजही भेटतात.

पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, मग गिरणीत लागले. बार्शीच्या गिरणी संपात पुढे राहिले म्हणून तुरुंगात गेले. तिथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची सोबत मिळाली आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काढला. अमर शेख हे नाव त्यांना तिथेच मिळालं, आणि महबूब पटेल मागे पडला.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णा भाऊंची लेखणी आणि शेखांचा पहाडी आवाज, मग काय विचारता! गिरणगावातल्या चाळींपुढे, मैदानात, गावच्या चावडीवर कार्यक्रम व्हायचे. तमाशाचा जुना साचा त्यांनी ठेवला, आतला माल बदलला. अण्णा भाऊंच्या वगात सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन असे. समोर बसलेला कामगार कुठल्याही जातीधर्माचा असो, त्यात त्याला सामील होता येई. सरकारला हे पथक इतकं झोंबलं की त्यावर बंदी आली.

त्यांचा खरा कस लागला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असं दिल्लीचं चाललं होतं. शंभरावर माणसं हुतात्मा झाली. त्या सभांत पुढाऱ्यांची भाषणं व्हायचीच, पण आधी डफावर थाप पडायची आणि अमर शेख उभे राहायचे. पेपर न वाचणाऱ्या माणसालाही लढा कशासाठी आहे ते गाण्यातून कळायचं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच्या पायात बार्शीच्या या मुसलमान शाहिराचा घाम आहे. गोवा मुक्तीसाठीही ते गायले. १९६२ ला चीनचं आक्रमण झालं, १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध झालं, तेव्हाही शाहिरी घेऊन ते लोकांत गेले. आज आपल्या मुलांकडे ऊठसूट देशप्रेमाचा दाखला मागितला जातो. अमर शेखांनी दाखला वगैरे काही काढला नाही. ते गात राहिले, आणि सरकारचं चुकलं तिथे सरकारविरुद्धही गायले.

सिनेमातही ते दिसतात. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात त्यांची भूमिका आहे. १९५४ च्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीसाठीचं रौप्यपदक याच चित्रपटाला मिळालं. पण घरी बसून पाहायचाच तर १९६१ चा ‘प्रपंच’ पाहा. कथा ग. दि. माडगूळकरांची. पोरांच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली पिचलेला कुंभार झालेत अमर शेख, बायको सुलोचनाबाई. मैदान दणाणून सोडणारा हा गडी इथे किती हळू बोलतो ते बघण्यासारखं आहे. अभिनय शिकून आलेला नाही तो, गरिबीतून आलाय.

ते नुसते गायक नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, ‘पहिला बळी’ हे नाटक आहे. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिकंही त्यांनी चालवली. नावं बघा, एक मराठी, एक उर्दू वळणाचं. आपल्या घरात दोन्ही भाषा अशाच नांदतात. पत्नीचं नाव ज्योती. मुलगी मल्लिका अमर शेख आजच्या मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री. त्यांचं आत्मकथन बऱ्याच वाचनालयांत मिळतं.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचा इंतकाल झाला. वय अवघं ५२.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. चेंबूरहून कालिना काही लांब नाही. लोककलेचा अभ्यास करायचा विचार असलेली मुलं-मुली आपल्या मोहल्ल्यात असतील, तर त्यांना तेवढं सांगून ठेवा.